अर्धी पिल्लं चट्ट्यांची: कवळ्यातल्या येमेनी शॅमेलिअनचं प्रकरण

जून २०२४. मिरग लागला होता आणि गोव्यातल्या कवळ्याच्या घराच्या पन्हळीतून पाणी धो धो पडत होतं. मागच्या खोलीत मी आणि माझा भाचा जमिनीवर बसून पिल्लं मोजत होतो. बोटाच्या दोन पेरांएवढं अंग, शेपटीची गुंडाळी, दोन्ही डोळे दोन दिशांना फिरणारे. चार दिवसांत एका विणीतली ३८ पिल्लं अंड्यातून बाहेर आली होती. त्यातली २१ नेहमीसारखी फिकट हिरवी. उरलेल्या १७ पिल्लांच्या अंगावर गुलाबी चट्टे होते: कुणाच्या खांद्यावर, कुणाच्या पोटाखाली, बहुतेकांच्या पंजांवर.

"आत्या, जवळजवळ अर्धी," भाचा म्हणाला. "म्हणजे तो माणूस खरं बोलत होता."

तो माणूस म्हणजे ज्याने मादी विकली तो. तीस वर्षं मी वर्गात मेंडेलचे वाटाणे शिकवले. एकास एक हे प्रमाण फळ्यावर किती वेळा लिहिलं असेन याची गणती नाही. तरीही त्या दिवशी मी भाच्याला म्हटलं, "थांब. अर्धी निघाली एवढंच आपल्याला कळलंय." या थांबण्याला पुढे सहा महिने लागले. त्यातून जे हाती आलं ते इथे सविस्तर मांडते, कारण हौसेने हे प्राणी पाळणाऱ्या मुलांना 'हेट' नावाच्या एका शब्दापायी बरेच पैसे मोजावे लागतात, आणि त्या शब्दाची परीक्षा कशी करायची हे त्यांना कुणी सांगत नाही.

आधी प्राण्याविषयी. आपल्याकडे कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) किंवा काजूच्या बागेत क्वचित दिसतो तो भारतीय शॅमेलिअन, जुन्या मराठीतला सरडगुहिरा. तो वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. त्याला पकडायचं नाही, पाळायचं नाही, हे घरातल्या लहान मुलांनाही आम्ही सांगून ठेवलं आहे. भाच्याकडचे प्राणी वेगळ्या जातीचे, येमेन आणि सौदी अरेबियाच्या नैर्ऋत्य भागातले. डोक्यावर उंच मुकुटासारखा उंचवटा असतो. पाळणारे त्याला 'व्हेल्ड' म्हणतात. ही जात साइट्सच्या, म्हणजे वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, परिशिष्ट दोनमध्ये आहे. आपल्या वन्यजीव कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये नोंदणीचे नियम आले, तेव्हापासून असा प्राणी बाळगणाऱ्याला सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंद करावी लागते. झालेली पिल्लंही कळवावी लागतात. म्हणजे त्या जूनमध्ये आमची मोजणी दोन कारणांसाठी चालली होती, एक सरकारी आणि एक माझं.

भाचा कुंडईच्या कारखान्यात नोकरी करतो. लहानपणापासून त्याला मासे, पोपट, कासवं यांचा नाद. २०२३ च्या जानेवारीत त्याने चट्ट्यांचा एक तरुण नर कागदपत्रांसह घेतला. अशा प्राण्याला धंद्यात पायबाल्ड म्हणतात. गणेशचवथीच्या थोडं आधी त्याच विक्रेत्याकडून एक पूर्ण वाढलेली मादी घेतली. ती दिसायला अगदी साधी, एकही चट्टा नाही. पण विक्रेता म्हणाला, "ही हेट आहे," आणि साध्या मादीच्या दुप्पट पैसे घेतले.

हेट म्हणजे विषमयुग्मी. अंगावर चट्टे नाहीत, पण चट्ट्याचं जनुक आत दडलेलं आहे, असा त्याचा अर्थ. हे तेव्हाच खरं असू शकतं जेव्हा तो गुण अप्रभावी असतो. आईकडून एक आणि बापाकडून एक, अशा दोन्ही प्रती मिळाल्या तरच तो दिसतो. एकच मिळाली तर दडून राहतो. चट्ट्यांच्या नराकडे दोन्ही प्रती, हेट मादीकडे एक, म्हणून पिल्लं निम्मी-निम्मी. विक्रेत्याने हे गणित भाच्याला कागदावर काढून दिलं होतं. तो कागद त्याने जपून ठेवला होता.

हे चट्टे म्हणजे नेमकं काय, ते जवळून पाहिल्याशिवाय पुढचं समजणार नाही. शॅमेलिअनची त्वचा म्हणजे थरावर थर. वर पिवळ्या रंगपेशी. त्यांच्याखाली ग्वानिनच्या अतिसूक्ष्म स्फटिकांनी भरलेल्या पेशी. त्या पेशींत रंग नसतो. स्फटिकांमधल्या अंतरावर कोणता प्रकाश परतून येणार हे ठरतं. त्याखाली काळ्या रंगद्रव्याच्या पेशी, ज्यांचे फाटे वरपर्यंत येतात. स्फटिकांवरून परतणारा निळा आणि वरचा पिवळा मिळून आपल्याला हिरवा दिसतो. जिनिव्हाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये मादागास्करच्या पँथर शॅमेलिअनमध्ये दाखवलं की प्राणी उत्तेजित झाला की स्फटिकांमधलं अंतर वाढतं आणि हिरव्याचा पिवळा होतो. पार्श्वभूमी बघून हवा तो रंग घेतो, ही लोकांची समजूत खरी नाही. राग, भीती, जोडीदार आणि ऊन यांवर त्याचा रंग बदलतो.

पायबाल्डच्या गुलाबी जागी मात्र रंगपेशी जवळजवळ नसतातच. सकाळी साडेसातला जास्वंदीच्या कुंडीवर उन्हात सोडलेली ती पिल्लं मी रोज बघत असे. साधी पिल्लं उन्हाकडची बाजू गडद तपकिरी करून घेत. काळा रंग ऊब लवकर धरतो म्हणून. चट्ट्यांचं पिल्लूही तेच करायचा प्रयत्न करी. पाठ काळवंडे, मान काळवंडे, आणि खांद्यावरचा गुलाबी तुकडा तसाच राही, जणू त्या जागेपर्यंत निरोप पोचलाच नाही. नंतर पुन्हा हिरवं झालं तरी तो तुकडा गुलाबीच. हे एकदा पाहिलं की चट्टा म्हणजे वेगळा रंग ही कल्पना मनातून जाते. तिथे रंग बदलायला कुणी हजरच नाही.

का नाही? गर्भाच्या पाठीच्या मध्यरेषेपाशी, जिथून पुढे मज्जारज्जू घडतो, तिथल्या कडेच्या पेशी सुटून शरीरभर प्रवासाला निघतात. त्यांतल्या काहींच्या रंगपेशी होतात. पुरेशा पेशी निघाल्या नाहीत किंवा वाटेत मेल्या, तर पाठीपासून लांबच्या जागा, म्हणजे पंजे, पोट, कपाळ, रिकाम्या राहतात. मांजराचे पांढरे मोजे आणि घोड्याच्या कपाळावरचा पांढरा टिळा याच जातीची गोष्ट आहे. कोणती पेशी कुठवर पोचेल यात योगायोगाचा वाटा मोठा, म्हणून १७ पिल्लांत दोघांचेही चट्टे सारखे नव्हते. एकाच्या फक्त मागच्या उजव्या पायाची बोटं गुलाबी होती. ते मी आधी साध्यांत धरलं होतं आणि भिंगाखाली बघून परत चट्ट्यांत टाकलं.

आता अंडी. ऑक्टोबर २०२३ च्या मध्याला जोडा लावला. थोड्याच दिवसांत मादी काळपट झाली आणि अंगावर निळे-पिवळे ठिपके उठले, म्हणजे ती गाभण. नोव्हेंबरात तिने ओल्या वाळूच्या बादलीत बोगदा खणून ४६ अंडी घातली. भाच्याने ती ओलसर व्हर्मिक्युलाइटच्या (ओल धरून ठेवणाऱ्या खनिजाच्या) डब्यात ठेवली आणि डबा मागच्या खोलीतल्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात. चिऱ्याच्या जाड भिंती, शेणाने सारवलेली जमीन. किमान-कमाल थर्मामीटरवर २६ ते ३० अंश. मे महिन्यात वादळाने दोन रात्री वीज गेली तरी त्या खोलीतला पारा हलला नाही.

तपमानाचं एवढं सांगते आहे कारण भाच्याचा मित्र ठामपणे म्हणत होता की चट्टे उष्म्याने आले. पण एकाच डब्यात, एकाच थरात, शेजारशेजारच्या अंड्यांतून एक चट्ट्यांचं आणि एक साधं निघालं. उष्म्याचा दोष असता तर डब्याच्या एका कोपऱ्यात ती जास्त सापडली असती. तशी सापडली नाहीत. या जातीत नर-मादीही उष्म्यावर ठरत नाहीत, माणसासारखी एक्स आणि वाय गुणसूत्रांवर ठरतात. नराच्या मागच्या पायाला जन्मतःच टाचेशी छोटी गाठ असते. दोन्ही गटांत नर आणि माद्या दोन्ही होते, म्हणजे गुण लिंगाला बांधलेला नव्हता.

न फुटलेली आठ अंडी टाकून द्यायला निघालेल्या भाच्याला मी थांबवलं. ती एकेक करून उघडली. सहा निर्जीव, नुसतं बुरशी धरलेलं पिवळं. दोनांत पूर्ण वाढून मेलेली पिल्लं, एक चट्ट्यांचं, एक साधं. हे बघावंच लागतं, कारण एका प्रकारची पिल्लं अंड्यातच जास्त मरत असतील तर बाहेर आलेल्यांची मोजणी फसवी ठरते. आता हिशेब ४० चा झाला: १८ आणि २२. निम्म्यापासून इतका फरक निव्वळ योगायोगानेही पडतो.

मग मी भाच्याला थांब का म्हटलं?

कारण मार्चमध्ये एक गोष्ट घडली होती. भाच्याचा फोन आला, आवाज घाबरलेला: "आत्या, हिने नराशिवाय अंडी घातली!" ऑक्टोबरनंतर नर तिच्या जवळ गेला नव्हता. नर नसतानाही मादी अंडी घालते. तशी अंडी पोकळ असतात. मी त्याला सांगितलं, काही आठवडे थांब, पोकळ असतील तर ती सुरकुततील आणि बुरशी धरतील. तसं झालं नाही. म्हणजे ती पोकळ नव्हती. ही मादी नराचं वीर्य शरीरात महिनोन्महिने साठवून ठेवू शकते. पहिल्या मीलनातलं साठवलेलं तिने मार्चमध्ये वापरलं.

ते ऐकून भाचा खूश झाला, एका जोडीत दोन विणी. मला मात्र झोप लागेना. ती जर ऑक्टोबरचं वीर्य मार्चमध्ये वापरू शकते, तर आमच्या घरी येण्याआधीचं ऑक्टोबरात का वापरू शकणार नाही? ती पूर्ण वाढलेली आली होती. आधी कुणाबरोबर होती, हे आम्हाला कोण सांगणार?

म्हणून जूनमध्ये १७ आणि २१ हा आकडा समोर आला तेव्हा माझ्यापुढे तीन गोष्टी होत्या आणि तिन्हींत तो बसत होता. पहिली विक्रेत्याची: गुण अप्रभावी, मादी हेट. दुसरी: गुण प्रभावी, एकच प्रत असली तरी दिसणारा, नराकडे एक प्रत, मादीकडे काहीच नाही. त्यातही पिल्लं निम्मी-निम्मीच. तिसरी: चट्ट्यांची पिल्लं आमच्या नराची आणि साधी आधीच्या कुठल्यातरी नराची. पहिल्या दोन तर इतक्या जुळ्या की त्याच मादीच्या कितीही विणी मोजल्या तरी फरक कळणार नाही. हे मी भाच्याला समजावलं तेव्हा त्याने तो जपलेला कागद काढला, बराच वेळ बघितला आणि म्हणाला, "म्हणजे यात काहीच सिद्ध होत नाही?" कागदावरचं गणित बरोबर होतं. पण तोच आकडा देणारं दुसरंही गणित आहे, हे त्यावर लिहिलेलं नव्हतं.

फरक कळायला वेगळी मादी हवी होती, आणि तिच्या दोन अटी: ती दुसऱ्या घराण्यातली हवी आणि नराचं तोंडही न पाहिलेली हवी. सुदैवाने मार्चमधल्या त्या अंड्यांनंतरच मी आग्रह धरला होता आणि अशी मादी सापडली होती. भाच्याच्या डिचोलीच्या मित्राकडे, वेगळ्या माणसाकडून आलेली, पिल्लू असल्यापासून एकटी वाढलेली. ती एप्रिलमध्ये दोन दिवसांसाठी कवळ्याला आली. ही जनावरं एकलकोंडी, एकमेकांना बघून फुत्कारतात, म्हणून दोघं समोर असताना भाचा पिंजऱ्यापाशीच बसून होता. मे महिन्यात डिचोलीला तिने ३३ अंडी घातली.

आणि मग वाट बघणं. चवथ आली. गणपतीवरच्या माटोळीला कुळागरातली सुपारीची शिपटं बांधताना भाचा मधूनच विचारायचा, "आत्या, तुझा कल कुठे?" मी सांगितलं नाही. मोजणाऱ्याला उत्तर आधी माहीत असलं की एका गुलाबी बोटाचं पिल्लू कुठल्या गटात टाकायचं यात मन लबाडी करतं. डिचोलीची मोजणी म्हणूनच मी मित्राच्या बायकोला करायला लावली. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं.

मधल्या काळात एक वाईट गोष्ट झाली. पहिल्या विणीतलं एक चट्ट्यांचं पिल्लू खाईना. पोट फुगलं, शौच बंद. पाच आठवड्यांचं होऊन ते गेलं. ओळखीच्या पशुवैद्यांनी उघडून बघितलं तर मोठं आतडं तट्ट भरलेलं. पाणी कमी पडल्यानेही असं होतं, आणि एका पिल्लावरून मी काही ठरवणार नाही. पण मी तेव्हा हादरले, त्याला कारण आहे. ज्या प्रवासी पेशींच्या रंगपेशी होतात, त्यांतल्याच काहींच्या आतड्यातल्या चेतापेशी होतात. उंदरांचा एक वाण आहे, अंगावर पांढरे ठिपके आणि आतडं तुंबलेलं. १९९८ मध्ये त्याचं कारण सॉक्स-१० या जनुकातला बिघाड असल्याचं कळलं. बिघडलेली एक प्रत असेल तर ठिपके आणि आतड्याचा त्रास. दोन्ही बिघडलेल्या असतील तर उंदीर जन्मापूर्वीच मरतो. माणसातही याच जनुकाच्या बिघाडाने कातडीवर रंगहीन डाग, बहिरेपणा आणि आतड्याचा आजार एकत्र आढळतात. आमच्या पिल्लांतलं जनुक कोणतं, हे घरबसल्या मोजणीने कळत नाही. पण चट्टे हे नुसतं कातडीवरचं नक्षीकाम आहे असं धरून चालणं मला त्या दिवसानंतर जमलं नाही.

ऑक्टोबरात मार्चची वीण बाहेर आली: २९ पिल्लं, १५ चट्ट्यांची, १४ साधी. साठवलेल्या वीर्यात दोन नरांची सरमिसळ असती तर दोन्ही विणींत नेमकं निम्मंच पडायचं काही कारण नव्हतं. तिसरी गोष्ट त्याने डळमळली.

डिचोलीची अंडी डिसेंबरात फुटली. फोनवर मी विक्रेत्याच्या हिशेबाने काय यायला हवं ते मनाशी म्हटलं: शून्य. गुण अप्रभावी असेल आणि ही मादी परक्या घराण्यातली असेल, तर एकही चट्ट्यांचं पिल्लू निघायला नको. पलीकडून वहिनी वाचून दाखवत होत्या. ३१ पिल्लं. १४ चट्ट्यांची, १७ साधी.

त्या मादीने दुसरा नर पाहिलाच नव्हता, त्यामुळे सरमिसळीचा प्रश्नच मिटला. ती स्वतः हेट असू शकते का? असू शकते. पिंजऱ्यात वाढलेल्या या प्राण्यांची घराणी मागे कुठे एकत्र येतात हे कागदांवर दिसत नाही. पण दोन वेगळ्या माणसांकडून आलेल्या दोन साध्या माद्या, दोघी योगायोगाने हेट, आणि एकीला तर हेट म्हणून कुणी विकलंही नव्हतं. यापेक्षा गुण प्रभावी आहे हे मला कितीतरी सरळ वाटतं. तिसऱ्या अनोळखी मादीत पुन्हा निम्मी निघाली तर उरलेली शंकाही जाईल. आणखी एक गोष्ट यातून कळते: आमच्या नराकडे चट्ट्याची एकच प्रत आहे. दोन असत्या तर एकही पिल्लू साधं निघालं नसतं.

याच मुद्द्यावर भाच्याशी माझं सगळ्यात अवघड बोलणं झालं. पुण्याहून आणि बेंगळुरूहून त्याला विचारणा होत होती: जास्त गुलाबी, जवळजवळ सगळं अंग गुलाबी असं पिल्लू मिळेल का? त्यासाठी पहिल्या विणीतले चट्ट्यांचे बहीण-भाऊ, आता सहा महिन्यांचे, एकत्र लावायचा त्याचा बेत होता. पिंजराही बांधून झाला होता. मी वहीत चौकट काढून दाखवली. चट्ट्यांचा नर, चट्ट्यांची मादी: चारांत एकाला दोन्ही प्रती. उंदरात त्या चौथ्याचं काय होतं तेही सांगितलं. आपल्या प्राण्यातही तसंच होईल असं मी म्हटलं नाही, कारण मला ते दाखवता येणार नाही. एवढंच म्हटलं की कळायला हवं म्हणून ती अंडी घालवायची माझी तयारी नाही. त्यात सख्ख्या भावंडांचा संकर, म्हणजे आणखी काय काय दडलेलं वर येईल.

तो दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने त्या पिंजऱ्यात जास्वंदीची नवी कुंडी ठेवून मधे फळी घातली, आणि बहीण-भावाला वेगळं केलं.

विक्रेत्याला त्याने सगळे आकडे पाठवले. उत्तर आलं की हेट हा शब्द त्यालाही वरून मिळाला होता. पैसे परत येणार नाहीत हे उघड होतं. त्याहून मोठा प्रश्न भाच्यापुढे जानेवारीत आला. गुण प्रभावी असेल तर साध्या पिल्लात काहीच दडलेलं नसतं. साधं ते साधंच. पण बाजारात पायबाल्ड बापाच्या साध्या मुलीला 'हेट' म्हणून दुप्पट भाव होता, आणि तिन्ही विणी मिळून साधी पिल्लं ५२.

मी कवळ्याला गेले तेव्हा तो फोनवर होता. समोरचा विचारत असणार, कारण भाच्याने हातातल्या पिल्लाकडे बघितलं. साधी हिरवी मादी, त्याच्या अंगठ्याला शेपटी गुंडाळून बसलेली.

"नाही," तो म्हणाला. "हेट नाही. साधी आहे. साध्याच भावात देतो, आणि परिवेशवर तुमच्या नावाने नोंद करावी लागेल."